कोळंबी नूडल्ससाठी रांगेत

सिंगापूरच्या 'होक्कियन मी'ची, म्हणजे कोळंबीच्या रसातल्या नूडल्सची, प्लेट पहिल्यांदा समोर आली की मराठी पाहुण्याचा चेहरा पडतो. आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर नूडल्स म्हणजे लालभडक शेझवान, वर कोबी-गाजराचा चुरा आणि कढईवर आपटणारा झारा. इथे रंग फिकट पिवळट. नूडल्स दाटसर रसात लडबडलेल्या, त्यात चार-पाच कोळंब्या, माकुलाच्या थोड्या चकत्या, कडेला चमचाभर सांबल म्हणजे मिरचीची चटणी आणि सुपारीएवढं हिरवं लिंबू.

"हे आजाऱ्याचं जेवण दिसतंय," माझा मामा म्हणाला.

"आधी खा, मग बोल."

मामा श्रीवर्धनचा. एसटीत कंडक्टर होता, आता पोफळीची वाडी बघतो. मासे खाण्यात त्याला कुणी काही शिकवायला जाऊ नये. त्यामुळे तो महिनाभर राहायला येणार म्हटल्यावर बागा, उंच हॉटेलं, पाळणे वगैरे नंतर बघू म्हटलं आणि आल्या संध्याकाळी त्याला घराजवळच्या हॉकर सेंटरला घेऊन गेले.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: वर छप्पर, बाजू उघड्या, मधे जमिनीत पक्की बसवलेली टेबलं-स्टुलं आणि भोवती ठेल्यांच्या ओळी. एसी नाही. वर पंखे गरगरत असतात, त्यांचा वारा नेमका आपल्याला लागत नाही. प्रत्येक ठेल्याचे एक-दोनच पदार्थ, फार तर चार. ज्याच्याकडे कोंबडी-भात आहे तो कोंबडी-भातच विकणार. 'आमच्याकडे साउथ इंडियन, पंजाबी, चायनीज, पावभाजी मिळेल' असल्या पाट्या वाचून मोठी झालेली मी, मला हे फार आवडतं. वर्षानुवर्षं एकच पदार्थ परतणाऱ्या माणसाच्या हाताला जे कळतं ते वहीत लिहून घेता येत नाही.

आधी टेबल धरायचं. रिकाम्या टेबलावर टिश्यूपेपरचं पाकीट ठेवायचं आणि खुशाल रांगेत जाऊन उभं राहायचं. टेबल तुमचं. याला इथे 'चोप करणं' म्हणतात. छत्री, ऑफिसचं ओळखपत्र, काहीही चालतं.

"म्हणजे खिडकीतून रुमाल टाकून एसटीत सीट धरतात तसंच की!" मामाला ही रीत लगेच समजली. फक्त कुणी भांडत कसं नाही, याचं त्याला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. तीस वर्षं रुमालांवरून झालेली भांडणं सोडवलेला माणूस तो.

हे सगळे ठेले पूर्वी रस्त्यावरच होते. १९६८-६९ मध्ये सरकारनं फेरीवाल्यांची नोंदणी केली तेव्हा संख्या १८,००० च्या आसपास भरली. उघड्यावर स्वयंपाक, भांडी धुवायला बादलीभर पाणी, खरकटं थेट गटारात आणि तिथून नदीत. १९७१ पासून नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेली सेंटर बांधून एकेकाला आत हलवायला सुरुवात झाली आणि १९८६ पर्यंत ते काम पुरं झालं. आता शंभरहून जास्त सेंटर आहेत. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोनं इथल्या हॉकर संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. पालिकेची गाडी आली की हातगाडी घेऊन गल्लीत पळणारे वडेवाले आपण पाहिलेत, त्यामुळे हटवण्याआधी जागा बांधून देणं या क्रमाचं मला अजूनही अप्रूप आहे. अर्थात, हलवले गेले त्यांतले सगळेच खुशीनं आत गेले असतील असं नाही. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला ठेला आपोआप दिसतो, इथे दोनशे पाट्यांमध्ये आपली पाटी ओळखू यावी लागते.

आता डुकराचं. ही गोष्ट आधीच सांगितलेली बरी. चिनी ठेल्यावरच्या होक्कियन मीत पोटाच्या मांसाचे तुकडे असतात, परतायला बहुतेक ठिकाणी डुकराची चरबी असते आणि रश्श्यात कोळंबीच्या सालांबरोबर डुकराची हाडंही उकळलेली असतात. म्हणजे "मांस घालू नका" असं सांगून काम भागत नाही, ते रसातच असतं. मी खाते. मामा खात नाही, आणि फसवून खायला घालणाऱ्यांचा मला राग येतो. म्हणून त्याला मुद्दाम मुस्लिम ठेल्यावर नेलं. आमच्या सेंटरमधलं ते मलय जोडपं डुकराचं काही वापरत नाही, हाडं असतात ती कोंबडीची, बाकी सगळं तेच. जाणकार म्हणतील की चरबीशिवाय ती चव नाही. थोडी कमी आहे, मान्य. पण त्या जोडप्याचा रस्सा इतका चांगला आहे की मी स्वतःसुद्धा पुष्कळदा तिथेच उभी राहते.

रांग होती वीसेक माणसांची. मामाला म्हटलं, तू टेबलाशी बस. तो कसला बसतोय. टिश्यूचं पाकीट टेबलावर टाकून तो कढईसमोर येऊन काचेशी उभा राहिला, आणि बरं झालं. हा पदार्थ करताना बघितल्याशिवाय कळत नाही.

कढई परातीएवढी रुंद, काळी कुळकुळीत. खालच्या शेगडीचा आवाज इतका की पैसे घेणारी मकचिक (मलयमध्ये काकू, म्हणजे मालकाची बायको) ऑर्डर ओरडून सांगते. मालक आधी तेलात ठेचलेला लसूण टाकतो, त्यावर अंडी फोडतो आणि ती पुरती जमायच्या आत पिवळ्या गव्हाच्या नूडल्स आणि पांढऱ्या तांदळाच्या जाड शेवया एकदमच घालतो. पिवळ्या नूडल्सना चावायला जोर आहे, पांढऱ्या शेवया रस पितात, दोन्ही हव्यातच. मग दोन्ही हातांनी वर-खाली. अंडं नूडल्सना चिकटून कडेनं जरासं करपतं, त्याचा खरपूस वास आला की लगेच दोन मोठे डाव रस्सा. वाफेत मालक क्षणभर दिसेनासा होतो. झाकण.

आणि मग तो काहीच करत नाही.

रांग मागे वाढतेय, मकचिक तीन ऑर्डरी ओरडलीये, आणि हा कमरेवर हात ठेवून झाकणाकडे बघत उभा. एकदा झाकण उचलून, हलवून, पुन्हा एक डाव रस्सा घालून परत झाकतो. नूडल्सनी रस पूर्ण प्यायला की त्या फुगतात, त्यांच्यातलं पीठ सुटून उरलेला रस दाट होतो. चमचा फिरवला की मागे वाट राहते, इतपत. त्यानंतर कोळंबी, माकुल, मुगाचे मोड, चिनी लसणाची पात, थोडा फिश सॉस, शेवटचा अर्धा डाव, आणि कढई खाली. एका घाण्यात चार प्लेटी निघतात.

मला विचाराल तर बरा ठेला आणि चांगला ठेला इथेच वेगळा होतो, त्या झाकणाखालच्या मिनिटांत. गर्दीच्या वेळी घाई करणारे पुष्कळ असतात. नूडल्स भरभर परतायच्या, वरून रस्सा ओतायचा, प्लेटीत टाकायचं. दिसायला तसंच दिसतं. खाताना नूडल्स वेगळ्या आणि पाणी वेगळं लागतं. एका फार नावाजलेल्या ठेल्यावर मी पाऊण तास उभी राहून अशी पाणचट प्लेट खाल्ली आहे. नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे कदाचित छान झाली असेल.

मामानं पहिला घास घेतला तो सांबल न लावता, मी सांगितलं होतं म्हणून. काही बोलला नाही. दुसरा घेतला. मग काट्यानं एक कोळंबी बाजूला सारली आणि म्हणाला, "कोळंबी साधीच आहे गं. चव नूडल्समध्ये आहे."

तो मुद्दा त्याला दोन घासांत सापडला. या पदार्थात कोळंबी खायची ती रसातून. वरच्या चार-पाच कोळंब्या नुसत्या दर्शनी. खरा माल सालांत आणि डोक्यांत असतो. ती भाजून, उकळून, गाळून केलेला रस्सा नूडल्स पितात. म्हणून मोठी कोळंबी घालून दुप्पट पैसे घेणाऱ्या प्लेटी मला पटत नाहीत. सहा डॉलरची साधी प्लेट आणि बारा डॉलरची टायगर कोळंबीची प्लेट यांच्यात रस्सा तोच असतो.

मग लिंबू. हे कलामान्सी, आतून नारिंगी, संत्र्याच्या सालीचा वास असलेलं. ते निम्म्या प्लेटीवरच पिळावं, उरलेली निम्मी तशीच खावी. सांबल एकदम कालवू नये, घासाला लावावा. मामानं सांबलाचं बोट नाकाशी नेलं आणि म्हणाला, "यात जवळा आहे." बरोबरच होतं. जवळ्यासारख्याच बारीक कोळंबीला मीठ लावून, आंबवून, वाळवून इथे बेलाचान नावाच्या वड्या करतात. त्या भाजून मिरचीबरोबर कुटल्या की हा सांबल तयार. परक्या देशात आल्या आल्या ओळखीचं माणूस भेटावं तसा मामा त्या सांबलाशी वागला. आणखी दोनदा मागून घेतला. मकचिकनं दुसऱ्या वेळी वाटीच भरून दिली.

उठताना ताट आपलं आपण नेऊन ठेवायचं. १ सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये याची सक्ती आहे. पहिल्यांदा ताकीद, पुढे दंड. हलाल आणि इतर ताटांचे कप्पे वेगळे, तिथे मात्र लक्ष ठेवायचं.

त्यानंतर आम्ही जवळजवळ रोज संध्याकाळी कुठे ना कुठे जात होतो. चहाचं मामानं सगळ्यात आधी शिकून घेतलं, कारण त्याला साखर चालत नाही आणि इथला चहा कंडेन्स्ड दुधाचा, गोडमिट्ट. 'ते-सी कोसोंग' म्हटलं की आटवलेलं बिनसाखरेचं दूध घातलेला, साखर नसलेला चहा मिळतो. 'सिऊ दाई' म्हणजे साखर कमी, 'ओ' म्हणजे बिनदुधाचा, 'पेंग' म्हणजे बर्फ घालून. चौथ्या-पाचव्या दिवशी मामा काउंटरवर एकटा जाऊन "आंटी, ते-सी कोसोंग वन" म्हणून चहा घेऊन आला. आंटी त्याच्याहून वीस वर्षांनी तरी लहान असेल. तिनंही त्याला "ओके अंकल" म्हटलं, हिशेब चुकता.

बून टॅट स्ट्रीटवर संध्याकाळी गाड्या बंद करून लाउ पा साट या हॉकर सेंटरच्या बाहेर रस्त्यावरच टेबलं लागतात आणि सातेच्या, म्हणजे काडीला लावून भाजलेल्या मांसाच्या, शेगड्या पेटतात. धूर डोळ्यांत जातो, कपड्यांना वास राहतो, आणि दर पर्यटकांचे आहेत. तरी एकदा जावं. मामाला साते आवडले, सोबतची शेंगदाण्याची चटणी जास्त आवडली. त्याहून त्याला भावलं ते ओतक: मासा वाटून, मिरची-नारळाच्या दुधात कालवून, पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेलं. पान काळं होतं, आतला मासा लालसर आणि मऊ. वर स्वस्त.

कालवांचं ऑम्लेट मी खाल्लं, त्यानं बघितलं. चिनी ठेल्यावर तेही बहुधा चरबीत तळतात. रताळ्याच्या पिठाची चिकट, कुरकुरीत, मधेच लिबलिबीत अशी पोळी, त्यावर अंडं, त्यावर कालवं. "कालवं इतकी कच्ची?" एवढंच त्यानं विचारलं आणि चहा प्यायला. चार क्वे तिआव ही माझी दुसरी कमजोरी: रुंद तांदळाच्या नूडल्स, काळा सॉस, शिंपले. तो कोरडा, धुरकट. होक्कियन मी आणि तो एकाच जेवणात खाऊ नये, दोन्हींचा अपमान होतो. रोजक मात्र मला अजून पटलेलं नाही. अननस, काकडी आणि तळलेल्या टोफूवर काळा कोळंबीचा पाक ओतून वर शेंगदाण्याचं कूट. लोक जिभल्या चाटत खातात. असेल बाई.

शाकाहारी पाहुण्यांना होक्कियन मीचा नाद सोडायला सांगते. रस्सा काढला तर उरतं काय? त्यांना टेक्का सेंटर. लिटल इंडियातलं हे सेंटर १९८२ चं, खाली-वर बाजार आणि डोश्यापासून बिर्याणीपर्यंत सगळं. शिवाय बऱ्याच सेंटरमध्ये चिनी शाकाहारी ठेला असतो. तिथल्या सोयाच्या 'कोंबडी'चा आकार बघून माणसं घाबरतात. पण बौद्ध पद्धतीनं चालणारे हे ठेले बहुधा कांदा-लसूणही वापरत नाहीत, त्यामुळे चातुर्मास पाळणारी माझी एक शेजारीण इथे अगदी निर्धास्त जेवते.

टेक्कालाच एका रविवारी सकाळी डोक्यासकट कोळंबी घेतली. मामा म्हणाला, "डोकी मांजराला घालतो आम्ही." म्हटलं, आज नाही घालायची. घरी तेल तापवून सालं आणि डोकी त्यात टाकली. आधी राखाडी, मग गुलाबी, मग गडद केशरी. तोवर परतत राहायचं, आणि डावाच्या पाठीनं डोकी दाबायची म्हणजे आतली चरबी तेलात उतरते. तेलच केशरी होतं. मग लसूण, उकळतं पाणी, तासभर मंद आच, आणि गाळताना पुन्हा एकदा चांगलं दाबून पिळायचं. टोपभर सालांचा जेमतेम दोन तांबे रस निघाला. नूडल्स केल्या, वाईट नव्हत्या. पण घरच्या शेगडीवर तो खरपूसपणा येत नाही, रस आटायला वेळ लागतो आणि तोवर नूडल्सचा लगदा व्हायला लागतो. सहा डॉलरमध्ये ती कढई, ती आग आणि तो हात मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं माझं मत झालं. उरलेल्या रसात मात्र मामीच्या पद्धतीनं कोळंबी भात केला, पाण्याऐवजी तो रस घालून. मामानं फोन करून मामीला सांगितलं की यापुढे डोकी टाकायची नाहीत. मांजरांचं काय करायचं यावर त्यांचं थोडं वाजलं.

ओल्ड एअरपोर्ट रोडला मी एकदा माझ्यासाठी चिनी ठेल्यावरची प्लेट बांधून घेतली. १९५५ पर्यंत कल्लांगचा विमानतळ त्या बाजूला होता, रस्त्याचं नाव त्यावरून. इथे काही ठेलेवाले पार्सल अजून जुन्या पद्धतीनं पानात बांधतात. गरम नूडल्सना त्या पानाचा ओलसर, लाकडी वास लागतो आणि तो मला प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा कितीतरी बरा वाटतो. घरी येऊन मी पुडकं सोडलं आणि मामा उठून जवळ आला.

"अगं, ही विरी!"

पोफळीचीच विरी होती. झावळीच्या देठाशी खोडाला गुंडाळलेला तो रुंद, चामड्यासारखा भाग. मी खात होते आणि मामा पुडक्याचा मोकळा झालेला कोपरा बोटांत धरून तपासत होता. आतली बाजू गुळगुळीत, फिकट. बाहेरची तपकिरी, उभ्या शिरांची. भिजवून मऊ केलीय, म्हणाला, नाहीतर दुमडताना चिरली असती. त्याच्या वाडीत विरी पडते ती पाणी तापवायला चुलीत जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्याच्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. नवी रोपं लावलीत, पण ती धरायला वर्षं जातात, आणि तोवर जे काही विकता येईल ते विकायचा विचार त्याच्या डोक्यात सारखा असतो. दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन त्या ठेल्यावर गेला, पान कुठून येतं आणि केवढ्याला पडतं ते विचारायला. ठेलेवाल्या अंकलचं इंग्रजी तुटकं, मामाचं त्याहून तुटकं. मलेशियातून येतं, एवढं कळलं. भाव काही अंकलनं सांगितला नाही. धंदेवाला माणूस.

मामाच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही मलय जोडप्याकडे पुन्हा गेलो तर सात वाजताच शटर अर्धं खाली. काचेवर पुठ्ठा लावलेला: संपलं. मकचिक कढई घासत होती. मामाकडे बघून तिनं रिकामं पातेलं तिरकं करून दाखवलं, तळाशी चमचाभर केशरी रस.

"आणखी थोडा करून ठेवायला काय होतं यांना? गिऱ्हाईक आहे," मी वैतागून म्हटलं.

"पाणी वाढवायचं मग," मामा म्हणाला. "उद्या साडेपाचला यायचं." आणि टिश्यूचं पाकीट उचलून तो पलीकडच्या ठेल्यावर ओतक किती उरलेत ते बघायला निघून गेला.